बळीरामचं कुलदैवत

वामनराव प्रकाशकांना मी त्या दिवशी हाणलं नाही, एवढंच माझ्या हातून चांगलं झालं.

लढाईच्या बातम्या देता देता गेलेल्या वार्ताहरांची चरित्रं मी त्यांच्यासाठी लिहीत होते. त्यातला आमच्या सक्करदऱ्याचा बळीराम एकाहत्तरच्या युद्धात पूर्व सीमेवर तोफगोळ्याने गेला. वामनरावांच्या चरित्रमालेचा शिरस्ता असा, की प्रत्येक चरित्राच्या माथ्यावर मूळ गाव, कूळ, कुलदैवत छापायचं. बळीरामच्या कुलदैवतासमोर मी रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं, की छप्पनच्या बौद्ध दीक्षेनंतर घरातल्या देवांची टोपली शाळकरी बळीरामनेच डोक्यावरून नेऊन तळ्यात सोडली, आणि परत येऊन साऱ्या मोहल्ल्याला सांगितलं, "बुडताना एकबी देव बोलला नाई." ती त्याची पहिली बातमी.

तपासायची मुद्रितं आली तशी मी ती त्याच्या आईला, बायजाबाईंना, वाचून दाखवायला गेले. वाचते तर काय, कुलदैवत माहूरची रेणुका! तळ्याची हकीकत गायब. बायजाबाईंनी पिठाचे हातही धुतले नाहीत. मला घेऊन तडक सीताबर्डीला वामनरावांच्या छापखान्यात आल्या.

"रकाना रिकामा बरा दिसत नाही, कुसुमताई," वामनराव चष्मा पुसत म्हणाले. "देवीच घातली ना, शिवी तर नाही घातली? पुस्तक शाळांत लागायचं आहे. उगाच कोणाले काहून दुखवायचं?"

"मले दुखवलं ते नाई दिसत?" बायजाबाई कडाडल्या. "गोळे पडून राहिले तरी माह्या पोरानं पाह्यलं तेच लिवलं. त्याच्याच जिंदगीत तुमी खोटं घालून राहिले!"

"मग चरित्रच गाळावं लागेल, बघा."

आता त्या नमतील असं मला वाटलं. बळीरामचं प्रेतही घरी आलं नव्हतं. हे पुस्तकच काय ते येणार होतं, म्हणून त्यांनी मोहल्ल्यात साखर वाटली होती.

"गाळा," त्या म्हणाल्या, आणि पुस्तकासाठी दिलेला बळीरामचा फोटो टेबलावरून उचलून त्यांनी पदराखाली घेतला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुखपृष्ठाच्या मुद्रितावरचं माझं नाव मी खोडलं. "हेही गाळा!"

"डोकं शांत ठेवा, ताई," वामनराव म्हणाले. नाही ठेवलं. दार आपटून निघाले.

रस्त्यावर आल्यावर मात्र रडू फुटलं. पुस्तक गेलं, आता बळीरामचं राहिलं काय?

"रडून काहून राहिली वं?" बायजाबाई म्हणाल्या. "देव बुडवले तवाबी लोक असंच इचारत, आता तुमच्या घरात राह्यलं काय? बळीराम म्हणे, आमी राह्यलो ना."