जमीलाखालाचा सबक

"मुर्दा हाये तो, सरकीचं पोतं नाई. हळू पलटव," जमीलाखाला म्हणाली आणि पाचही पोरी तोंडात ओढण्या कोंबून हसल्या.

मुर्दा म्हणजे गुंडाळलेली गोधडी होती. कय्यूमशेठच्या बैठकीत तख्ता म्हणून मांडलेल्या एका लांब फळीवर ती निजवली होती आणि वरून चादर घातली होती, कारण खालाच्या मते गोधडीलाही अब्रू असते. शेठची थोरली लेक बानो गोधडी डाव्या कुशीवर वळवत होती आणि दुसरी एक पोर रिकाम्या गडव्यातून नसलेलं पाणी ओतत होती. खालाने पुन्हा बजावलं की उजवी बाजू आधी, पाणी तीनदा, आणि मय्यतच्या नाकातोंडात पाणी घालायचं नाही, ओला कापूस फिरवायचा.

धामणगाव बढ्यात दर जुम्याला दुपारची नमाज आटोपली की ही शिकवणी भरायची. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती. गावातली उर्दू शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर मुलींचं शिक्षण म्हणजे भाकरी, शिवणकाम आणि जमीलाखाला. कलमा, नमाजेआधी हातपाय-तोंड धुवायचा वजू, पाच वेळची नमाज, रोजा कशाने तुटतो आणि कशाने तुटत नाही, जकातीचं दान कुणाला पोचतं, शेजाऱ्याचा हक्क किती घरांपर्यंत असतो, हे सगळं ती उर्दू किताबातून वाचायची आणि गावच्या बोलीत समजावून सांगायची. शेवटचा धडा मात्र किताबापेक्षा तिच्या हातात जास्त होता. बाईची मय्यत कशी धुवायची, हा तो धडा.

गावात बाई मेली की तिला आंघोळ घालून कफन नेसवायचं काम खाला तीस वर्षं करत आली होती. तिचा नवरा शकूर पिंजारी गेला त्या साली तिने ते हाती घेतलं, आणि पुढे गावाने ते तिच्याच गळ्यात टाकलं. तसं ते फर्ज सगळ्यांवरच असतं. एकाने केलं तर सगळे सुटतात, कुणीच केलं नाही तर सगळं गाव गुन्हेगार ठरतं. पण एक बाई करतेय म्हटल्यावर बाकीच्यांनी सुटका मानून घेतली होती. आता खाला बासष्ट वर्षांची होती आणि तिचा उजवा हात थरथरू लागला होता. तिच्यासोबत पाणी ओतणारी म्हातारी गेल्या साली वारली, तिला खालाने एकटीनेच धुतलं होतं. त्या दिवसापासून, आपण मेलो तर आपल्याला कोण धुणार, हा प्रश्न भाकरी थापतानाही तिची पाठ सोडत नव्हता. या पाचांतली एक जरी पोर तयार झाली तर ती सुखाने डोळे मिटणार होती.

आधी पोरी आठ होत्या. कुवाऱ्या मुलीने मुर्द्याला हात लावला की तिची शादी लांबते, असं म्हणून तिघींच्या आयांनी त्यांना घरी बसवलं. गोधड्या धुऊन लग्न लांबत असतं तर गावातल्या परटिणी सगळ्या कुवाऱ्याच राहिल्या असत्या, असं खालाने त्या आयांना तोंडावर सुनावलं होतं. त्याने एकही पोर परत आली नाही, उलट एक आई बोलायची बंद झाली. उरलेल्यांत खालाची भिस्त बानोवर होती. पोर पंधरा वर्षांची, हाताने हळू, आणि प्रश्न विचारून जीव खाणारी.

"धुताना अंगावर काही दिसलं तं?" त्या दिवशी बानोनेच विचारलं.

खालाला हाच प्रश्न हवा होता. ती म्हणाली, "जे दिसलं ते तख्त्यावर ठिऊन यायचं. माणसाचा ऐब, म्हंजे दोष, झाकला तं अल्ला आपला झाकते. भायेर आल्यावर बोलायचं तं चांगलंच बोलायचं."

बाहेर आल्यावर काय बोलायचं, तेही ठरलेलं होतं. गुसल, म्हणजे मय्यतची आंघोळ, आटोपून खाला दारात आली की बाहेर थांबलेले पुरुष एकच विचारायचे, चेहऱ्यावर नूर, अल्लाचं तेज, होता का? खाला म्हणायची, नूर होता. मग कुणीतरी सुस्कारा सोडायचा आणि जनाजा उचलला जायचा. तीस वर्षांत तिचं उत्तर कधी बदललं नव्हतं. भांडकुदळ बायांच्या चेहऱ्यावर नूर होता, चहाड्या करून घरं फोडणाऱ्यांच्याही होता. खाला त्याला खोटं मानत नव्हती. मेलेल्याशी कसला हिशेब करायचा, असं तिचं म्हणणं होतं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. अंगणापलीकडच्या त्या खोलीत शेठची आई, बडीबी, निजून असायची. बकरी ईदला ती न्हाणीत पडली आणि तेव्हापासून कंबरेखाली लुळी झाली होती. शेठची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की म्हातारी झोपेत बडबडते, तुम्ही चालू द्या. सहा महिने खाला हेच ऐकत होती. पहिले दोन-तीन जुमे तिने भेटायचं म्हटलं, तेव्हा आत्ताच डोळा लागलाय असं उत्तर मिळालं. पुढे तिने विचारायचं सोडलं. शिकवणीला ही बैठक बडीबीनेच दिली होती, शकूर गेल्यावर त्याच्या चाळिसाव्या दिवशी, कुणी न मागता. खालाने क्षणभर अंगणाकडे पाहिलं आणि किताबाचं पान उलटलं. त्या पानावरचा धडा शेजाऱ्याच्या हक्काचा होता.

बडीबी गेली ती दसऱ्यानंतरच्या बुधवारी, सकाळी. कय्यूमशेठ सरकीच्या सौद्यासाठी मलकापूरला होता, त्याला माणूस पाठवून बोलावलं. मशिदीतून तख्ता आला. खालाने बोरीचा पाला टाकून पाणी उकळायला ठेवलं, कापूर कुटला, आणि पाणी ओतायला कोण येतं म्हणून बायांकडे पाहिलं. बाया भिंतीला टेकून बसल्या. शेठची बायको पदरात तोंड घालून रडत होती, ती उठली नाही. बानो उठली. तिने बाह्या वर केल्या आणि वजू करून आली. खालाला त्या दुःखातही मनातून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. शेवटी एक पोर तयार झाली होती, आणि तीही आपल्या दादीसाठी.

मागच्या खोलीत गेल्यावर आधी वास आला. लोबान जाळलेला होता, तरी आला. खालाने दार लावलं, चादर धरली आणि चादरीआडून अंगातले कपडे कात्रीने कापून काढले. टाचा काळ्या पडल्या होत्या आणि फुटल्या होत्या. हाताला कापड गुंडाळून तिने काम सुरू केलं, वजू करवला, केस धुतले. मग दोघींनी मिळून बडीबीला डाव्या कुशीवर वळवलं.

पाठीवर कपड्याचा एक तुकडा चिकटून राहिला होता. खालाने तो पाण्याने भिजवून हलकेच सोडवला. कंबरेखाली तळहाताएवढी जखम होती, आत हाडापर्यंत गेलेली. वर खांद्यावर आणखी दोन होत्या. महिनोन् महिने ज्या माणसाला कुणी कूस बदलून दिली नाही, त्याची ती पाठ होती.

बानोच्या हातातला गडवा तिरपाच राहिला. पाणी जमिनीवर सांडत होतं.

"मी रोज ताट आणत होती," ती म्हणाली. "अम्मी म्हणे, दारातच ठेव, आत वास हाये. मी ठेवत होती."

खालाने गडवा सरळ केला.

"खाला, हा ऐब कोणाचा? दादीचा, का आमचा?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शेठच्या बायकोला ती ओळखत होती. ती राक्षसीण नव्हती. सात लेकरं, नवरा सदा बाजारात, आणि सासू अंगाने भरलेली, एकटीच्याने हलत नव्हती. धुण्याभांड्यांची बाई वासाने काम सोडून गेली होती. एक दिवस राहिलं, मग दुसरा राहिला, आणि मग पाहायची भीती वाटू लागली असेल. पण खालाला भीती कशाची होती? ती तर वीस पावलांवर बसून पोरींना हक्क शिकवत होती. म्हातारी हाका मारत होती आणि ती पानं उलटत होती. तिला रडू आलं, ते तिने आवरलं नाही.

"पाणी ओत, बेटी," ती एवढंच म्हणाली.

दोघींनी पाणी तीनदा घातलं. जखमांवर कापूस ठेवला, अंग टिपलं, कफनाचे पाचही कपडे नेसवले, केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवले. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. बानोचा हात कुठे चुकला नाही. पण ती खालाकडे पाहत नव्हती, आणि खालाला कळलं की आता दारात आपण काय बोलतो त्यावर ही पोर राहते की जाते ते ठरणार. शेठला दुखवलं तर शिकवणी जाणार, हेही तिला कळत होतं.

दार उघडलं तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. मलकापूरहून आलेला कय्यूमशेठ पुढे उभा होता, डोळे लाल. रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "खाला, अम्माच्या चेहऱ्यावर नूर होता?"

"नूर होता," खाला म्हणाली. मागे बानोने गडवा खाली ठेवल्याचा आवाज झाला. लोक हलू लागले, पण खाला दारातून बाजूला झाली नाही.

"अजून एक आयका," ती म्हणाली. "मी दर जुम्याले याच घरात येत होती. बडीबीचा आवाज माह्या कानावर येत होता. सहा महिन्यात मी एकदा बी आत जाऊन पाह्यलं नाई. तिच्यासाठी दुआ मागसान, तं माह्यासाठी बी मागा. हा गुनाह माहा हाये."

बडीबीच्या अंगाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तरी ज्यांची घरं त्या गल्लीत होती ते खाली पाहू लागले. कय्यूमशेठने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. तो म्हणाला, "चला, उशीर होऊन राह्यला," आणि पुढे होऊन त्याने जनाज्याला खांदा दिला.

पुढच्या जुम्याआधी शेठचा गडी निरोप घेऊन आला. कापूस यायला लागलाय, बैठकीत गठ्ठे ठेवायचे आहेत, तेव्हा शिकवणीचं दुसरीकडे पाहावं. खालाला राग आला नाही असं नाही. तीस वर्षं गावाच्या बाया धुतल्या आणि गाव एक खोली देईना, असं ती चुलीसमोर मोठ्याने बोलली. जुम्याला ती आपल्या दोन खणांच्या घरात किताब उघडून बसली. एकही पोर आली नाही. त्याच्या पुढच्या जुम्यालाही नाही. मशिदीकडून येणाऱ्या बाया तिला पाहून रस्त्याची दुसरी बाजू धरू लागल्या. ज्या बाईने दारात एवढं सांगितलं ती उद्या आपल्या घरचं काय सांगेल, याचा त्यांना धाक बसला होता. खालाने किताब फडक्यात बांधून ठेवला. आपल्याला धुणारं कुणी उरलं नाही, हे तिने मनाशी मान्य केलं.

तिसऱ्या जुम्याला दुपारी बानो आली. मागच्या गल्लीने आली होती, चपला हातात. बसायला सांगितलं तरी उभीच राहिली.

"अब्बा दादीच्या खोलीत एकलेच बसून राह्यतात," ती म्हणाली. "अम्मी रडते, अन् मंग तुमाले शिव्या देते."

"देऊ दे."

"आज काय शिकवान?"

खालाने फडक्यातल्या किताबाकडे पाहिलं, पण तो घेतला नाही. तिने खुंटीवरची ओढणी घेतली, एक जुनं मऊ लुगडं बगलेत मारलं आणि चल म्हणाली.

बांगड्या विकणाऱ्या मनियाराचं घर चार दारं सोडून होतं. मनियाराची सासू रसूलबी वर्षभर खाटेवर होती. जमीलाखाला दारात दिसताच मनियाराच्या बायकोच्या हातातल्या बांगड्यांचा तोडा खाली पडता पडता राहिला. कुणाच्याही घरी खाला बिनबोलावता आली की असंच व्हायचं.

"काऊन आल्या, खाला?" ती घाबरून म्हणाली. "माही माय जिती हाये."

"म्हनूनच आली," खाला म्हणाली.

त्यांनी पाणी तापवलं. मनियाराची बायको आधी नको नको म्हणाली, मग स्वतःच घंगाळ घेऊन आली आणि रडत बाजूला उभी राहिली. रसूलबीची पाठ लाल झाली होती, फुटली नव्हती अजून. खालाने म्हातारीच्या खांद्याखाली एक हात घातला, थरथरता हात कंबरेखाली घातला, आणि बानोने पलीकडून धरलं. दोघींनी तिला कुशीवर घेतलं. बानोने बिस्मिल्ला म्हटलं आणि उजव्या खांद्यावर पहिला गडवा ओतला.

"पाणी लय गरम हाये, पोरी," रसूलबी म्हणाली.

बानो दचकली. तिने खालाकडे पाहिलं. खालाच्या हाताखाली आजवर कुणी असं बोललं नव्हतं. मग बानोने घंगाळात थंड पाणी घातलं, हात बुडवून पाहिला, थोडं आणखी घातलं आणि गडवा भरून हळूच ओतला.

"आता?" तिने विचारलं, आणि म्हातारी काय म्हणते ते ऐकायला खाली वाकली.