खिशात सापडलेला रिफ्लेक्टर

मित्रांनो, मला स्वतःचा उजेड नाही. दुसऱ्याचा अंगावर पडला की तो मी परत पाठवतो, एवढेच माझे काम. मी एक जुना रिफ्लेक्टर आहे, आणि माझी कहाणी ऐकण्याजोगी आहे की नाही याची मलाच खात्री नाही. तुमच्याकडे उसाच्या गाड्यांच्या पाठीमागे जे लाल तुकडे चमकतात, ते माझे भाऊबंद. मी मात्र फिनलंडचा. इथे आम्हाला माणसांच्या कोटाला टांगतात, कारण हिवाळ्यात इथे दुपारीच अंधार होतो आणि गावाबाहेरच्या रस्त्यांना दिवे नसतात.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेले पारदर्शक प्लॅस्टिक, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखे बारीक कंगोरे, अशा दोन चकत्या एकमेकींना चिकटवल्या आणि मला हिमफुलाचा आकार आला. वर एक भोक, भोकात दोरी, दोरीच्या टोकाला सेफ्टी पिन. एका माणसाने माझ्यावर बॅटरीचा झोत टाकला, डोळे बारीक केले आणि मला खोक्यात टाकले. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

खेड्यातल्या दुकानात हिल्का नावाच्या बाईंनी मला घेतले. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात सूप रांधत. घरी नवरा ताइस्तो, निवृत्त लाकूडतोड्या. हिल्काबाईंनी पिन कोटाच्या खिशात आतून लावली आणि मी बाहेर गुडघ्याशी लोंबू लागलो. त्या चालल्या की मी हलायचो. हलण्यातच आमचे मोल असते, मित्रांनो. रस्त्याच्या कडेच्या खांबांनाही चमकणारी पट्टी असते, पण ती हलत नाही.

इथली एक रीत आहे. घरात शिरताना रिफ्लेक्टर खिशात टाकायचा, नाहीतर दोरी दाराच्या मुठीत अडकते. हिल्काबाई बाहेर पडताना मला काढायला कधी विसरल्या नाहीत. आत येताना खिशात टाकायला मात्र नेहमी विसरत. मग दोरीला हिसका बसे, कोट ओढला जाई आणि ताइस्तो खुर्चीतून उठे.

"आली वरात," तो म्हणायचा. "म्हातारे, एक दिवस दारासकट आत येशील."

"येईन की. तेवढंच तुला दार दुरुस्तीचं काम. नुसता बसून असतोस अस्वलासारखा."

तो कुरकुरत मला खिशात सारायचा आणि खिशाची चेन ओढायचा. वर्षानुवर्षे असेच चालले. माझ्यावर ओरखडे पडले, एक पाकळी धुरकट झाली. जुने रिफ्लेक्टर बदलावेत असे म्हणतात. दुकानात नवे टांगलेले दिसले की मला धाकधूक वाटे, पण हिल्काबाई पुढे निघून जात.

त्या दिवशी त्या शेजारी राय नावाच्या धान्याची भाकरी देऊन परतत होत्या. दुपार टळली होती, अंधार दाटला होता. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून हिल्काबाई डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा, शिस्तीत चालत होत्या. दूर वळणावर दिवे दिसले. उजेड आला आणि मी तो परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा पाठवला. गाडी हळू झाली नाही.

पुढचे मी सांगत नाही.

गाडीतून एक तरुण उतरला. त्याने फोन करून मदत मागवली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून तो बर्फात उभा राहिला. आवाज ऐकून ताइस्तो घरातून धावत आला, पायांत घरातले मोजेच होते. तो गुडघ्यांवर बसला. हिल्काबाईंच्या कपाळावरचा बर्फ त्याने झाडला, कोट सारखा केला. मग त्याच्या बोटांना मी लागलो. त्याने मला खिशात सारले आणि चेन ओढली.

"चल," तो म्हणाला. "चल आता घरात."

आपण काय केले हे त्याला कळले नव्हते. वर्षानुवर्षांची सवय होती, हातांनी केले. तरुणाचे तिकडे लक्ष नव्हते. पोलिसांना मी खिशात सापडलो आणि तशीच नोंद झाली.

नंतर मी एका पिशवीत बंद होतो. तिथे मला एकच विचार छळी: मी पुरेसा चमकलो का? ती धुरकट पाकळी नडली का?

वसंतात हिल्काबाईंच्या मृत्यूचा खटला उभा राहिला. मला न्यायालयाच्या टेबलावर ठेवले होते. तरुणाचे नाव नीलो. न्यायाधीशबाईंनी विचारले तसे त्याने आपल्याबद्दल सपाट आवाजात सांगितले. कागद कारखान्यातल्या कामाचे शिक्षण घे, जन्माची चिंता मिटेल, असे त्याला घरचे, शाळेतले, सगळेच म्हणाले होते. तो शिकला, आणि त्याच उन्हाळ्यात कारखाना बंद पडला. दक्षिणेकडे एका गोदामात राबला, तिथूनही काढले. परत आल्यावर तो नुसता गाडी फिरवायचा.

"त्या दिवशी कुठे निघाला होतात?"

"कुठेच नाही," नीलो म्हणाला.

पोलिसांना त्याने सांगितले होते की आपल्याला काहीच दिसले नाही. मधल्या सुट्टीत त्याची वकीलबाई त्याच्याकडे वाकली. टेबल जवळच होते, मला ऐकू आले.

"रिफ्लेक्टर खिशात होता, म्हणजे अंधारात त्या दिसणं शक्यच नव्हतं. आता सगळं त्यावर आहे. तू काही वाढवून बोलू नकोस. तुझं तुरुंगात जाणं टळेल."

नीलोने माझ्याकडे पाहिले आणि नजर वळवली.

सुट्टीनंतर ताइस्तोला बोलावले. तुमच्या पत्नी रिफ्लेक्टर बाहेर काढायला विसरत असत का, असे त्याला विचारले. आधी तो ठामपणे नाही म्हणाला. मग पोलिसांची नोंद वाचून दाखवली. चेनसुद्धा बंद होती. म्हाताऱ्याने टोपी हातात फिरवली. माझ्याकडे पाहिले, पण त्याला काही आठवेना.

"विसरली असेल," तो हळूच म्हणाला. "म्हणजे चूक तिचीच... विसरली असेल."

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! आयुष्यभर जी बाई विसरली नाही, तिच्यावर तिच्याच नवऱ्याच्या तोंडून दोष लागत होता.

तेवढ्यात नीलो उभा राहिला. वकीलबाईने त्याची बाही धरली, ती त्याने सोडवून घेतली.

"नाही विसरल्या," तो म्हणाला. "बाहेर होता. मला दिसला होता."

न्यायाधीशबाईंनी त्याला नीट सांगायला सांगितले.

"लांबूनच दिसला. लख्ख. मला वाटलं, कडेचा खांब असेल. मग तो हलला. खांब हलत नाहीत, कळलं मला ते. पण फोन वाजला आणि मी तिकडे बघितलं. काही महत्त्वाचं नव्हतं. मला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. समोर काय आहे, याचंसुद्धा."

ताइस्तो आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होता.

"मीच घातला खिशात," तो म्हणाला. "रोज घालतो तसा." मग त्याने मान वर केली. "हलत होता म्हणालास?"

"हो."

"म्हणजे नीट चालत होती ती."

"हो. नीट चालत होत्या." नीलो त्याच्याकडे वळला. "काका, मी तुमची माफी..."

"ती आता मागू नकोस," ताइस्तो म्हणाला. "माझ्याकडे नाहीये ती."

नीलोला तुरुंगवास झाला. त्याने तोंड उघडले नसते तर बहुधा झाला नसता. निकालात मात्र असे लिहिले गेले की हिल्काबाई दिसतील अशाच चालत होत्या, त्यांची काही चूक नव्हती. मी चमकलो होतो, हेही मला तेव्हा कळले. पण त्याचा आनंद मानावा असे त्यात काय होते?

आता मी ताइस्तोच्या घरी खिडकीशी टांगलेला असतो. तो मला वापरत नाही, टाकतही नाही. कधी कधी मळलेल्या बाहीने पुसतो.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्हाला स्वच्छ ठेवा, धुरकटलो की बदला, अंधारात निघताना आठवणीने बाहेर काढा. पण आम्ही अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे पाहणाऱ्याचे. पुढे मोठे व्हाल, तुमच्या हाती गाडी येईल. तेव्हा जगाने तुमची कितीही निराशा केलेली असो, अंधारात दूर एखादा ठिपका दिसला, तर तो खांब आहे असे धरून चालू नका. माणूस आहे असे धरा, आणि वेग कमी करा. जवळ गेल्यावर तो खांबच निघाला, तर तुमचे काहीही बिघडणार नाही.