गोलातली रेघ

मयुरीने निळ्या फाटकावर खडूने गोल काढला, तोच समोरच्या घराची कडी आतून बसली. तासाभरापूर्वी त्याच घरातल्या बाईने तिला बळेच चहा पाजला होता, वर ‘उद्या जेवूनच जाजो’ असा दमही भरला होता. अल्लीपूरच्या आग्रहातून सुटायचं तर माणसाला सदरा तिथेच सोडून पळावं लागतं. मग ही कडी कशाची?

तिचं काम तसं निरुपद्रवी. गावात इंटरनेटच्या दोन कंपन्या, वेगनेट आणि गावजोड. कोणाकडे किती घरं, याचा अंदाज नागपूरच्या एका साहेबाला हवा होता. घरोघरी विचारायचं, वहीत लिहायचं, आणि एकाच दारी दोनदा जाणं होऊ नये म्हणून खूण करायची. गावजोडला गोल, वेगनेटला उभी रेघ. वडनेरच्या या पोरीने चार दिवसांत अडीचशे दारं गिरवली होती.

फोन वाजला. हिंगणघाटहून विवेक, तोही हेच काम करायचा.

“कुठं हायेस तू?”

“अल्लीपूरले. काऊन?”

“तुया फोटो फिरून राह्यला ग्रूपवर. पाठमोरा. लेकरं पळवणारी टोळी दारावर खुणा करून राह्यली म्हणते. निघ तिथून. पळू नको, पण निघ.”

खडू बोटांतच मोडला.

तिने गल्लीवर नजर टाकली. रेघेची दारं बंद. गोलाच्या दारांत मात्र बायका निवांत तूर पाखडत होत्या. सकाळीच नाली खोदणाऱ्या जेसीबीने गावजोडची तार तोडली होती, अन् तेव्हापासून अर्धं गाव त्या कंपनीचा उद्धार करत होतं. म्हणजे बातमी वेगनेटवरून आली होती. गोलांपर्यंत ती अजून पोचायची होती.

चौकात दहाबारा जण जमले होते. एकाने बैलबंडीची उभारी, कडेचा दांडाच, उपसून आणली होती.

मयुरी चालू लागली. पाय पळा म्हणत होते, ती त्यांना ओढून धरत होती. दारांवरची आपलीच खूण वाचत ती निघाली. रेघ. रेघ. पुन्हा रेघ. आपल्याच अक्षराला इतकं कोणी भ्यालं नसेल. मागची पावलं जवळ आली. वळणावर गोल दिसला, दार उघडं.

“आजी, पाणी मिळन काय?”

भागाबाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हिच्याशी मयुरी परवाच बोलली होती. म्हातारीने काही न विचारता तिला आत घेतलं, धान्याच्या कोठीमागे बसवलं आणि स्वतः उंबऱ्यात फतकल मारली.

गलका दारापर्यंत आला.

“मावशी, इकडं एक बाई आली काय? पिशवीवाली?”

“हेमराज, तुया हातात उभारी कायले? बैल मेले काय?”

कोणीतरी हसलं. हेमराज हसला नाही.

“दारावर खूण हाय तुया.”

“म्याच काढाले लावली. भाची हाय माई, वडनेरची. थकून आली, आत झोपली. उठवू तिले? तुया पोरीच्या बारशाले म्या रातभर पाळणा हालवला, आन् आता मले हिशोब इचारतं?”

कोठीमागे मयुरीने पिशवीचा बंद दातांत धरला होता. मग उभारी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, आणि चपला एकेक करत लांब गेल्या.

भागाबाईने गडवा पुढे केला. मयुरीने तो घटाघटा अर्धा रिकामा केला.

“बरं झालं आजी, तुमचा गावजोड बंद हाय. नाईतर तुमालेबी तो फोटो...”

म्हातारीने कमरेच्या बटव्यातून फोन काढून तिच्यासमोर धरला. तोच फोटो. पाठमोरी मयुरी, लाल ओढणी, हात फाटकावर.

“घरचं नेट गावजोडचं. हा फोन लेकाने देल्ला, वेगनेटच्या सिमचा. तू इचारलंच नाई. मघाशीच आलतं मले.”

मयुरीने गडवा खाली ठेवला.

“मंग आत काऊन घेतलं?”

“पाय नं नीट.” भागाबाईने फोटोवर बोट ठेवलं. “फाटक लावून राह्यली तू. बाजूले बकरी हाय. ते आत घुसू नये म्हणून. लेकरं पळवणारी कोणाचं फाटक लावत असते काय?”

मयुरीने वही उघडली. एका घराला एकच रकाना. एकशे बारा गोल. चार दिवस ती ते मोठ्या विश्वासाने मोजत आली होती, अन् आज त्यांच्याच भरवशावर चालली होती.

“चाल, बसपर्यंत येतो,” भागाबाई म्हणाली. बाहेर येऊन तिने मयुरीच्या मुठीतून खडूचा तुकडा सोडवून घेतला आणि आपल्या दारावरच्या गोलात उभी रेघ ओढली.

गल्ली तशीच होती. दोन घरं सोडून तूर पाखडणाऱ्या बाईने मान वर केली, लाल ओढणीकडे पाहिलं, आणि सुपासकट सरकून वाट दिली. तिच्या मांडीवरच्या फोनवर तोच फोटो उजळलेला होता.