बाओशानच्या गोळ्या

मित्रांनो, माझ्या लोखंडाला अजूनही ज्येष्ठमधाचा वास येतो. यांगत्सेकाठच्या एका छोट्या कारखान्यातले मी गोळ्या पाडणारे जुने यंत्र. चाक फिरवले की माझा दट्ट्या खाली येई आणि औषधाच्या भुकटीची गोळी होई.

ते चाक सूछिन फिरवायची. तिचा नवरा बाओशान मालवाहू बोटीवर होता आणि त्याला धापेचा आजार होता. बोटीवर तासभर काढा उकळायला सवड कुठली? तोच काढा आटवून, सुकवून गोळीत बसवायचा ध्यास तिने घेतला. पहिल्या गोळ्यांचा बोटीच्या हादऱ्यांनी भुगा झाला.

"अगं, गोळ्या दिल्यास की तपकीर?" बाओशान हसला.

"ओढू नकोस म्हणजे मिळवलं!"

तिने माझा दाब वाढवला. आता फरशीवर आपटली तरी गोळीचा टवका उडेना. तिला हे काम शिकवणारे छेन गुरुजी खूश झाले. "पोरी, गोळी कसली, गोटी आहे ही गोटी!" मलाही तेव्हा केवढा अभिमान वाटला!

बाओशानने काढा सोडला आणि नेमाने गोळ्या घेतल्या. घरी आला की बसूनच झोपायचा. सूछिनने विचारले तर म्हणायचा, "बोटीची सवय गं. तुझ्या गोळ्यांनी बरं वाटतंय." त्या हिवाळ्यात बोटीवरच त्याला धाप लागली आणि तो गेला.

त्याच्या डबीत उरलेली एक गोळी सूछिनने माझ्याशेजारी कोमट पाण्यात टाकली. संध्याकाळ झाली तरी गोळी तळाशी तशीच होती.

"खोटं का बोललास रे?" नवऱ्याच्या डबीकडे बघत ती एवढेच म्हणाली.

गुरुजींची मान वर होईना. "पोरी, मी ती आपटून पाहिली. भिजवून नाही पाहिली."

पुढे कितीतरी वर्षे तिने भुकटीत पाण्यात फुगणारे पीठ घातले, दाब कमी केला, प्रत्येक घाण्यातली गोळी पाण्यात टाकून पाहिली. एके दिवशी पाव तासात गोळी फुलासारखी उमलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सूछिन मात्र माझ्या चाकावर डोके टेकून रडली.

आता नवी यंत्रे आली आहेत. मी कोपऱ्यात गंजतो आहे. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, एवढे ऐका. घरातले आजारी माणूस "बरं वाटतंय" म्हणाले, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.