ओल्या जागेतलं झाड

टेनेसीतल्या त्या घराच्या जमिनीच्या फळ्यांखाली गुडघाभर पोकळी होती. तिथलं पाणी मागच्या उतारावर काढायला वेंडलने पाइप पुरला होता. दर वसंतात तो पोटावर सरपटत जाऊन पाइप साफ करायचा. "घुशीशी लग्न केलंय मी!" बायको लोरेटा चिडवायची.

तो गेल्यावर तिने उतारावर त्याच्या आठवणीचं विलोचं रोप लावलं. तिथली माती कायम ओली, रोप पटकन धरेल म्हणून.

काही वर्षांनी फळ्या ओलीने कुजून पायाखाली दबायला लागल्या. मुलगी डार्ला चिखलाने माखून खालून बाहेर आली. "मॉम, मुळांनी पाइप गच्च बुजवलाय. झाड तोडावंच लागेल."

लोरेटाने तिच्या कपाळावरचा चिखल पुसला.

"एकदा तरी विचारायचं होतं गं त्याला, खाली काय करतोस म्हणून."