वळणावरचं मीठ

ओमानमध्ये बेंजामिन बर्फावरून घसरून पडला, असं मी वसईला फोनवर सांगितलं तेव्हा माझी सासू म्हणाली, "इरीन, खरं काय ते सांग. प्यायला होता का?"

तिचा काय दोष? ओमान म्हटलं की आमच्या गावात लोकांना वाळू, उंट आणि खजूर आठवतात. पण आम्ही राहतो तो जबल अख्दर उंच डोंगर आहे. जानेवारीत इथे पहाटे नळ गोठतात आणि एखाद्या वर्षी गारांबरोबर बर्फही पडतो. मग मस्कतहून लोक गाड्या काढून फोटो काढायला येतात आणि आम्ही त्यांच्यासाठी पाव भाजतो, चादरी धुतो. पाव माझा नवरा भाजतो, चादरी मी धुते. एकाच हॉटेलात तो बेकरीत आणि मी लॉन्ड्रीत.

स्टाफ क्वार्टर वर आणि हॉटेल खाली. मधे डाळिंबाच्या बागांतून उतरणारी सिमेंटची अरुंद वाट. स्टाफची बस उजाडल्यावर निघते, पण पाहुण्यांना नाश्त्याला गरम पाव हवा असतो, म्हणून बेंजामिन बसच्या आधी सायकलवरून जातो. ही सायकल त्याला एका जर्मन पाहुण्याने जाताना फुकट दिली. दुसरा कोणी असता तर थँक्यू म्हणून बसला असता. बेंजामिनने आठवडाभर ती नुसती हातात धरून चालवली. फुकट देतोय म्हणजे ब्रेकमध्ये काहीतरी खोट असणार, असं त्याचं म्हणणं.

माझा नवरा असाच आहे. दुकानदाराने अंडं जास्तीचं दिलं तरी तो ते उजेडात धरून बघतो. संसारात याचा फायदाही होतो, मी नाही म्हणत नाही. आमच्या ओळखीतले कितीतरी जण कुठल्या कुठल्या स्कीममध्ये बुडाले, आम्ही नाही बुडालो. पण रोज सकाळ-संध्याकाळ संशय ऐकून माणसाचं डोकं उठतं.

त्या वाटेवर मध्यावर एक वळण आहे. वरच्या बागेतलं पाणी पाझरून तिथे येतं आणि थंडी पडली की गोठतं. दिसत मात्र नाही, सिमेंट नुसतं ओलं असावं तसं वाटतं. बेंजामिन पहिल्यांदा पडला तो तिथेच. गुडघा सोलवटला, पँट फाटली. तो लंगडत बेकरीत गेला, पाव भाजले आणि दुपारी घरी येऊन म्हणाला, "नजर लागली कुणाची तरी."

आता आम्ही चर्चला जाणारी माणसं. पण माझी आई वसईजवळ नंदाखालला रविवारी मिस्साला जायची आणि सोमवारी आमची दृष्टही काढायची. एकामुळे दुसऱ्याला कधी अडचण आली नाही. मी मीठ आणि लाल मिरच्या घेतल्या, त्याच्यावरून ओवाळल्या आणि हॉटप्लेटवर टाकल्या. मिरच्या अशा जळल्या की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला.

अलार्म बंद करायला मुस्तफाचाचा आले. हे आमच्याच हॉटेलच्या बॉयलर रूमचे. हर्णैकडचे, साठी उलटलेले, सगळ्या ओमानला ओळखत असल्यासारखे बोलणारे. स्टुलावर चढून त्यांनी अलार्म गप्प केला, नाक शिंकरलं आणि हसले.

"मिरच्या जाळल्यास काय गो बाय? नजर काढतेस?"

"हा सायकलवरून पडला, चाचा."

"कुठं पडलास रे?"

"वळणावर," बेंजामिन म्हणाला.

"कुठल्या? डाळिंबाच्या झाडाजवळच्या? मधोमध की बाजूला?"

"मधोमध."

चाचांनी मान हलवली आणि गेले. दार बंद झाल्या झाल्या बेंजामिन माझ्याकडे वळला. "मधोमध की बाजूला हे त्याला कशाला हवं?"

"विचारलं सहज."

"सहज कुणी एवढं विचारत नाही."

यामागे एक जुनी गोष्ट आहे. मुस्तफाचाचांचा भाचा नबील आधी बेंजामिनच्या हाताखाली बेकरीत होता. तिशीचा, मिशीवाला, कामाला बरा. पण त्याला कायम करायचं की नाही असं शेफने विचारलं तेव्हा बेंजामिन म्हणाला, बघा बुवा, मला काही त्याचा भरवसा वाटत नाही. भरवसा का वाटत नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. नबील गेला. आता तो समुद्रकाठच्या बरकाच्या मासळी बाजारात एका दुकानात मासे साफ करतो. चाचा त्यावर आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हेच बेंजामिनला डाचत होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर तो सुखाने झोपला असता.

दुसऱ्या सकाळी त्या वळणावर मीठ पडलेलं होतं.

बेंजामिनने मला बेकरीतून फोन केला. आवाज अगदी खाली. "इरीन, वाटेवर मीठ टाकलंय. मधोमध. मी जिथे पडलो बरोब्बर तिथे."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? वसईत काय किंवा कोकणात काय, लहानपणापासून एकच शिकवण. वाटेत उतारा दिसला, मीठ-मिरच्या टाकलेल्या दिसल्या, तर ओलांडायचं नाही. जो ओलांडेल त्याच्या मागे ती पीडा लागते. शाळेत जाताना आम्ही अशा जागेला वळसा घालून चिखलातून जायचो आणि चप्पल भरवल्याबद्दल घरी मार खायचो.

"मग तू काय केलंस?"

"कडेने गेलो."

त्या दिवसापासून तो रोज कडेने जायला लागला. मीठही रोज ताजं पडत होतं. एकदा मी मुद्दाम बस सोडली आणि त्या वाटेने चालत गेले. मीठ चिमूटभर नव्हतं, चांगलं ओंजळीओंजळीने फेकलेलं, आणि जाड खड्यांचं. मी एक खडा कागदाच्या कपट्याने उचलला, बोट लावायची हिंमत झाली नाही. बघितलं आणि ओळखलं. आमच्याकडे लॉन्ड्रीला लागणारं पाणी जड आहे. ते मऊ करायच्या मशीनमध्ये असंच मीठ घालतात. त्याची पोती बॉयलर रूमच्या दाराशी असतात.

मी हे घरी येऊन बोलले. बोलले आणि जीभ चावली.

"बॉयलर रूम," बेंजामिन म्हणाला. "म्हणजे मुस्तफा."

"म्हणजे पोती तिथे असतात, एवढंच."

"भाच्याचा सूड घेतोय म्हातारा. मला इथून उठवायचं आणि नबीलला परत आणायचं."

खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं. चाचा दिसले की मी त्यांच्या हातांकडे बघायला लागले. त्यांनी एकदा मला खजूर दिले, ते मी हसून घेतले आणि कचऱ्यात टाकले. संशय हा खरजेसारखा असतो, घरात एकाला झाला की दुसऱ्यालाही होतो.

आणि मग कडाक्याची थंडी पडली. शेजारच्या जबल शम्स डोंगरावर बर्फ पडल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. त्या सकाळी बेंजामिन नेहमीसारखा वळणावर कडेला वळला आणि सायकलसकट खालच्या बांधावर आपटला. उजवं मनगट मोडलं. पीठ मळायचा हात. निझवाच्या हॉस्पिटलात प्लास्टर घालून तो परत आला तो थेट ऑफिसकडेच निघाला.

मी त्याच्या पुढे उभी राहिले. "कुणाचं नाव घेऊ नकोस. साठीनंतर त्यांचा व्हिसा दर वर्षी नव्याने मागावा लागतो. यंदाचा या महिन्यात आहे. एक तक्रार गेली तर म्हाताऱ्याला घरी पाठवतील."

"आणि माझा हात?"

तो गेला आणि स्टाफचं सगळं बघणाऱ्या जयप्रकाश सरांना सांगून आला, मुस्तफा माझ्या वाटेवर मीठ टाकतो, माझं वाईट करतो.

जयप्रकाश सरांना उतारा, करणी यातलं काही कळलं नाही. पण "मीठ" हा शब्द त्यांनी नेमका उचलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना आणि चाचांना बोलावलं. चाचा डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते.

"मुस्तफा, बॉयलर रूम का नमक रास्ते पे आप डालते हो?"

"हां सर," चाचा लगेच म्हणाले. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

"क्यूं?"

"बर्फ के लिए, सर. उधर बर्फ जमता है, ये लड़का गिर गया था. मेरा भांजा बरका में मच्छी का काम करता है, उसने बोला, मामू, बर्फ पे नमक डालो, बर्फ खलास. उनके दुकान के सामने मच्छी का बर्फ गिरता है तो वो लोग वैसाच करते हैं." मग आमच्याकडे वळून, जणू आम्हाला कळलं नसेल म्हणून, ते म्हणाले, "नबील म्हनाला, बेंजामिनला सांग, मधोमध चालव. मी म्हटलं, सांगायचं काय, दिसेलच त्याला."

बेंजामिनचा चेहरा त्याच्या प्लास्टरसारखा पांढरा झाला. मला ते कचऱ्यात टाकलेले खजूर आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जयप्रकाश सर टेबलावर पेन आपटत होते. "लेकिन परमिशन किसने दिया? हॉटेल का माल है. रोज निकाल रहे हो. और आपका रिन्यूअल मेरे सामने पड़ा है."

चाचा टोपीची कड बोटांनी दुमडत राहिले. त्या माणसाला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"मैंने बोला था, सर," बेंजामिन म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. सर पण बघायला लागले.

"मैंने ही बोला था उनको, नमक डालो करके. बेकरी का आदमी मैं है, टाइम पे मेरे को पहुंचना रहता है. गलती मेरा है."

"तो कल कम्प्लेंट किसका किया आपने?"

"कल गिरा था, सर. दिमाग ठिकाने पे नहीं था."

सरांचा विश्वास बसला नव्हता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बेकरी बंद पडलेली, हॉटेल पाहुण्यांनी भरलेलं, त्यांना दुसरी कामं होती. यापुढे मीठ लागलं तर आधी विचारायचं आणि बेंजामिनने स्वतः टाकायचं, असं सांगून त्यांनी आम्हाला बाहेर घालवलं. रिन्यूअलचं पुन्हा काही बोलले नाहीत.

बाहेर आल्यावर चाचांनी टोपी डोक्यावर ठेवली. रागावलेले दिसत नव्हते, बुचकळ्यात पडलेले होते. "पण मी मधोमध टाकलं होतं रे. मग तू पडलास कसा?"

मीच म्हणाले, "तो कडेने गेला, चाचा. रोज कडेनेच जात होता."

"कडेने कशाला? मीठ तर..."

आणि तिथेच ते थांबले. अलार्म बंद करताना मिरच्यांचा वास आलेला माणूस तो. हर्णैला त्यांच्याही घरी कुणीतरी मीठ ओवाळलं असेलच. त्यांनी एकदा बेंजामिनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"माझी आईपन वलांडू द्यायची नाय," ते हळू म्हणाले आणि बॉयलर रूमकडे निघून गेले.

त्या रात्री आमच्या घरात कुणी कुणावर संशय घेतला नाही. बेंजामिन जेवला नाही, मीही आग्रह केला नाही.

सकाळी तो लवकर उठला. सायकल चालवणं शक्यच नव्हतं. सरांना फोनवर विचारून अर्धं पोतं मीठ त्याने आदल्या संध्याकाळीच वर आणून ठेवलं होतं. डाव्या हाताने ते ओढत तो वळणापर्यंत गेला, मी पाठोपाठ. त्याने डाव्या हाताने मधोमध मीठ टाकलं, चाचा टाकायचे तसं. मग आम्ही वरच्या बागेत बाजूला थांबलो, कारण बॉयलर रूमला जायचा चाचांचा रस्ताही तोच.

चाचा आले. मिठापाशी थबकले. वर आमच्याकडे बघितलं आणि डाळिंबाच्या फांदीला धरून, एकेक पाऊल जपून टाकत, कडेने गेले.

ते घसरले असते तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं. बेंजामिनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही पुन्हा तिथे होतो. या वेळी बेंजामिनने मधोमध टाकलंच नाही. त्याने या कडेपासून सुरुवात केली आणि त्या कडेपर्यंत, बांधाला लागून डाळिंबाच्या मुळापर्यंत, उरलेलं सगळं पोतं रिकामं केलं. बोटभर सिमेंट मोकळं ठेवलं नाही. मग तो बाजूला झाला नाही, मिठाच्या पलीकडे वाटेतच उभा राहिला.

चाचा आले आणि थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. कड शिल्लकच नव्हती.

"अख्खं पोतं वतलंस काय रे?" ते म्हणाले.

"हो."

"सर मारतील तुला."

"मारू देत. तुम्ही या."

चाचांनी तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हटलं आणि मिठात पाय टाकला. त्यांच्या बुटांखाली खडे करकर वाजले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी बेंजामिनच्या प्लास्टरवर टिचकी मारली आणि म्हणाले, "नबीलला फोन कर. त्याला सांग, बर्फ गेला."

बेंजामिनने फोन खिशातून काढला. डाव्या हाताने नंबर लावायला त्याला जमेना, तो मी लावून दिला.