न व्यालेल्या कालवडीचं दूध

काटेवाडीजवळच्या त्या डेअरी फार्मवर सहली येतात त्या दूध काढायची यंत्रं बघायला. त्या रविवारी मात्र यंत्रांपाशी चिटपाखरू नव्हतं. सगळी गर्दी मागच्या गोठ्यात, एका कालवडीभोवती होती. ती एकदाही व्याली नव्हती, तरी दूध देत होती. रामहरी महाराज तिच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते, "ना वळू, ना वासरू. आईचं दूध हाय हे. प्या, आन् सुई-गोळ्या हितं गव्हाणीत वाहा. वाहिलेलं परत घ्यायचं न्हाय." महाराजांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. तो काही त्यांनी गव्हाणीत वाहिला नव्हता.

"छकुलीला डेअरी दाखवू, शाळेत उपयोगी पडंल," असं सांगून अविराजनं बायकोला, वृषालीला, शेळगावहून आणलं होतं. छकुलीला मधुमेह. इन्शुलिन टोचल्याशिवाय पोरीला जेवू घालता येत नसे. सोबत आलेल्या सासूबाई, रंगूबाई, पोरीला घेऊन रांगेत का शिरल्या हे वृषालीला कळेपर्यंत पोरीनं पेला संपवला होता आणि इन्शुलिनचं पेन गव्हाणीत पडलं होतं.

"आत्याबाई, त्या औषधाबिगर पोर हातची जाईल."

"रोज भोकं पाडतीस लेकराला. मला बघवत न्हाय गं," रंगूबाईंचे डोळे भरले. त्यांची माया खरी होती, म्हणून तर भांडताही येईना. अविराज चपलेनं माती उकरत उभा राहिला.

तेवढ्यात छकुली म्हणाली, "आई, ही गाय त्या गायीला पिती."

सगळे वळले. शेजारची कालवड गजांतून मान घालून 'आई'चे सड चोखत होती. फार्मचे जनावरांचे डॉक्टर जोतीराम यांनी तिला मागं ओढलं.

"एकत्र वाढलेल्या कालवडींना ही खोड लागती. सारखं चोखलं, पिळलं, की कधी कधी न व्यालेल्या कासंतबी दूध उतरतं. म्हणून आमी तोंडाला काटेरी मुसकं बांधतो. महाराजांची माणसं ते सोडत्यात, वर दोन टाइम पिळत्यात. मालकाला सांगून थकलो."

"ती बी आईचीच लेकरं, पिणारच," महाराज म्हणाले. सुटलेले हात पुन्हा जोडले गेले.

वृषालीनं पर्समधलं यंत्र काढून पोरीच्या बोटाचं रक्त तपासलं. "बघा आत्याबाई, साखर चढली."

"रोग बाहेर पडतोय," महाराजांनी परस्पर सांगून टाकलं. रंगूबाईंचा चेहरा उजळला. काही विचारा, उत्तर तयार होतं.

वृषाली गव्हाणीकडं धावली तर बायका आडव्या आल्या. तिला रडू फुटलं. "अवो, तुमी तिचं बाप हायसा का न्हाय?"

अविराज क्षणभर आईकडं बघत राहिला. मग गर्दीत घुसला आणि चाऱ्यातून पेन उपसून घेऊन आला. वृषालीनं नवी सुई लावून इन्शुलिन टोचलं आणि ती रांगेकडं गेली. पुढं एक बाई उभी होती, कडेवर पोर, हातात फिटच्या गोळ्या.

"ताई, दूध कुठनं येतं ते तुमी डोळ्यांनी बघितलं. त्यानं फिट थांबल्याचं कुणी बघितलंय? देवाला हात जोडा, पर गोळी सोडू नका. जो सोडायला सांगतोय, त्याला आधी इचारा, पोराला काय झालं तर कोण जबाबदार."

बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पटतंय वो," ती म्हणाली, "पर लई लांबनं आलोय आमी." आणि तिनं गोळ्या गव्हाणीत टाकल्या.